एक साचा, अनेक यंत्रे : संगणक प्रयोगशाळांतील डिस्क-प्रतिमांचा इतिहास (१९९५ ते २०२५)

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाभोवती आणि मोठ्या कंपन्यांच्या उदयास्ताभोवती फिरते. शाळा-महाविद्यालयांतील संगणक प्रयोगशाळा ज्या साधनांच्या बळावर दररोज सुरू राहिल्या, त्या साधनांना या इतिहासात क्वचितच स्थान मिळते. डिस्क-प्रतिमा हे असेच एक उपेक्षित साधन होय. हार्ड डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यावर बसविलेले प्रोग्रॅम, त्यांच्या मांडण्या आणि यंत्र सुरू करणारा आरंभीचा भाग या सर्वांची जशीच्या तशी प्रत एका फाइलमध्ये साठविली की डिस्क-प्रतिमा तयार होते. प्रयोगशाळांत तिला सर्रास 'इमेज' म्हटले जाते. ही प्रतिमा इतर यंत्रांवर उतरविणे म्हणजे क्लोनिंग, आणि बिघडलेल्या यंत्रावर पुन्हा बसविणे म्हणजे पुनःस्थापन होय.

या तंत्राचा इतिहास सामान्यतः वेळेच्या बचतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जे काम दिवसभराचे होते ते काही मिनिटांवर आले, हे खरेच आहे. तथापि तीस वर्षांचा हा प्रवास बारकाईने पाहिला असता असे दिसते की, प्रत लवकर करण्याचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. प्रत केलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःची वेगळी ओळख कशी द्यावी हा प्रश्न मात्र वारंवार सुटल्यासारखा वाटून पुन्हा उभा राहिला. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा ऐतिहासिक क्रमाने मागोवा घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे

१. डिस्क-प्रतिमा तंत्राचा उगम कोणत्या गरजेतून झाला हे पाहणे.
२. अनेक यंत्रांवर एकाच वेळी प्रत उतरविण्याच्या पद्धतींचा विकास तपासणे.
३. प्रतिकृत यंत्रांच्या ओळखीचा प्रश्न आणि त्यावरील बदलत्या भूमिका यांचे विवेचन करणे.
४. मुक्त साधनांमुळे शैक्षणिक संस्थांच्या स्थितीत झालेला बदल स्पष्ट करणे.

गरजेची पार्श्वभूमी

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली. सीडी ड्राइव्ह नसलेल्या संगणकांसाठी ती १३ फ्लॉपींच्या संचातही मिळत असे. तीस संगणकांच्या प्रयोगशाळेत असा संच एकेका यंत्रात क्रमाने घालणे, प्रत्येक वेळी तेच प्रश्न वाचून तीच उत्तरे देणे, नंतर ड्रायव्हर, ऑफिस व भाषा-संकलक बसविणे हे काम किती कंटाळवाणे होते याची कल्पना सहज करता येते. शिवाय एवढे करूनही तीस यंत्रे तंतोतंत सारखी होत नसत. एखाद्या यंत्रावर एखादा पर्याय वेगळा निवडला जाई आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी नेमके तेच यंत्र अडून बसे.

फाइलींची साधी नक्कल हा यावरील उपाय नव्हता. डॉसमधून फाइली नकलल्या तर विंडोज ९५ ची लांब फाइलनावे गळून पडत. विंडोज चालू असताना नक्कल करावी, तर वापरात असलेल्या फाइली कुलूपबंद असत. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, यंत्र सुरू करणारा भाग त्या काळी फाइलच्या रूपात नसेच. तो डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असे. त्यातील ४४६ बाइट आरंभीच्या सूचनांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागणीच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी राखलेले असत. हा सेक्टर वगळून केलेली नक्कल कितीही पूर्ण असली तरी तिच्यावरून यंत्र सुरू होत नसे.

युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'डीडी' ही आज्ञा १९७० च्या दशकापासून उपलब्ध होती. ती डिस्कवर काय लिहिले आहे याचा विचार न करता पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सर्व काही उचलते. ही पद्धत निर्दोष, पण उधळी होती. डिस्कचा चतुर्थांश भागच भरलेला असला तरी रिकाम्या तीन चतुर्थांश भागाचीही नक्कल होई. तसेच ज्या डिस्कवर प्रत उतरवायची ती मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असणे आवश्यक ठरे. 'रिकामा' भाग खऱ्या अर्थाने रिकामाही नसतो. पुसलेल्या फाइलींचे अवशेष तेथे तसेच पडून राहतात आणि प्रतिमेचे आकारमान आक्रसण्यात अडथळा आणतात. जर्मनीतील ह्यूबर्ट फेयरर यांनी नेटबीएसडीवर आधारलेले 'जीफोरयू' हे साधन तयार केले, तेव्हा त्याच्या माहितीपत्रकात यावर एक व्यवहारी तोडगा दिला होता : प्रतिमा घेण्यापूर्वी मोकळी जागा शून्यांनी भरून टाकावी आणि मग ती शून्यांची फाइल पुसावी. एकसारखी शून्ये आक्रसून अत्यल्प जागेत बसतात.

ऑकलंडमधील आरंभ

या क्षेत्रातील निर्णायक पाऊल न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात पडले. १९९० च्या दशकाच्या मध्यास तेथील बायनरी रिसर्च या कंपनीत मरे हॅझर्ड यांनी 'घोस्ट' हा प्रोग्रॅम विकसित केला. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो फाइल सिस्टिमची रचना समजून घेत असे. कोणते भाग वापरात आहेत हे ओळखून तो तेवढेच उचली आणि नव्या डिस्कवर तिच्या आकारमानानुसार पुन्हा मांडी. त्यामुळे लहान डिस्कवरील प्रत मोठ्या डिस्कवर पूर्ण जागेत पसरविता येऊ लागली. मजकूर मावत असेल तर मोठ्या डिस्कवरील प्रत लहान डिस्कवरही बसविता येऊ लागली. प्रोग्रॅम डॉसवर चालत असल्याने आरंभक फ्लॉपी घालून यंत्र सुरू केले की काम होई. विंडोज त्या वेळी झोपलेलीच असे, म्हणून कुलूपबंद फाइलींचा प्रश्नच उद्भवत नसे.

आरंभी घोस्टला फॅट ही फाइल सिस्टिमच समजत असे. १९९६ मध्ये विंडोज एनटीच्या एनटीएफएसची आणि १९९९ मध्ये लिनक्सच्या ईएक्सटी-२ ची त्यात भर पडली. १९९८ मध्ये अमेरिकेतील सिमॅन्टेक कंपनीने बायनरी रिसर्चचा हा व्यवसाय विकत घेतला आणि 'नॉर्टन घोस्ट' हे नाव जगभर पोहोचले. पुढे इंग्रजीत 'घोस्ट' हे क्रियापदच झाले. कोणत्याही साधनाने प्रत केली तरी तंत्रज्ञ तिला 'घोस्टिंग' म्हणू लागले. एखाद्या उत्पादनाचे नाव क्रियेचे नाव होणे ही त्याच्या प्रसाराची सर्वांत विश्वसनीय खूण मानता येईल.

एकाकडून अनेकांकडे

एका यंत्राची प्रत करणे सुलभ झाले, तरी प्रयोगशाळेची गरज तीस यंत्रांची होती. येथे एक साधे गणित उपयोगी पडते. नेटवर्कचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरला, तर तो सैद्धांतिकदृष्ट्या सेकंदाला १.२५ मेगाबाइट भरतो. १,००० मेगाबाइटची प्रतिमा एका यंत्राकडे पाठविण्यास ८०० सेकंद, म्हणजे सुमारे १३ मिनिटे लागतील. तीस यंत्रांकडे ती स्वतंत्रपणे पाठवायची झाल्यास हा काळ ६ तास ४० मिनिटे होतो. तीसही यंत्रांनी एकदमच मागणी केली तरी वेळ वाचत नाही, कारण तोच मार्ग तीस वाटेकऱ्यांत विभागला जातो.

यावरील उपायाचा पाया आधीच घातला गेला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह डीअरिंग यांनी मांडलेली मल्टिकास्टची कल्पना ऑगस्ट १९८९ मध्ये इंटरनेटच्या मानक दस्तऐवजांत समाविष्ट झाली होती. सर्व्हरने माहिती एकदाच पाठवायची आणि ज्यांनी त्या समूहात नाव नोंदविले आहे त्या सर्व यंत्रांनी ती एकाच वेळी घ्यायची, असे तिचे स्वरूप होते. कीर्तनकार एकच असतो आणि श्रोते कितीही असले तरी कीर्तन एकदाच होते, तसेच हे होय. इमेजकास्ट या स्पर्धक साधनापाठोपाठ घोस्टच्या चौथ्या आवृत्तीत ही सोय आली. वरील उदाहरणातील पावणेसात तासांचे काम यामुळे तत्त्वतः १३ मिनिटांचे झाले.

तथापि येथेही एक अडचण होती. मल्टिकास्टमध्ये पाठविलेला प्रत्येक तुकडा पोहोचलाच याची हमी नसते. कीर्तनातील एखादे वाक्य ऐकू आले नाही तर श्रोत्याचे चालून जाते; डिस्कवरील एक तुकडा गळाला तर यंत्र सुरू होत नाही. मागे राहिलेल्या यंत्रासाठी सर्वांनी थांबायचे ठरविले, तर सर्वांत मंद यंत्राचा वेग हाच संपूर्ण प्रयोगशाळेचा वेग होतो.

या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर अमेरिकेतील युटा विद्यापीठात मिळाले. तेथील एम्युलॅब या संशोधन-सुविधेत प्रत्येक प्रयोगासाठी यंत्रांच्या डिस्क नव्याने भराव्या लागत. त्यासाठी माइक हिब्लर, ली स्टोलर, जे लेप्रो, रॉबर्ट रिची आणि चॅड बार्ब यांनी 'फ्रिस्बी' ही पद्धत विकसित करून २००३ च्या युसेनिक्स परिषदेत सादर केली. यात प्रतिमा एकेका मेगाबाइटच्या स्वतंत्र खंडांत विभागली जाते. प्रत्येक खंड स्वतंत्रपणे उलगडता येत असल्याने तो कोणत्याही क्रमाने आला तरी चालतो. काय हवे ते मागण्याची जबाबदारी सर्व्हरवर नसून घेणाऱ्या यंत्रावर असते. शेजारच्या यंत्राने तोच खंड आधीच मागितला असल्याचे कळले, तर हे यंत्र पुन्हा मागणी करीत नाही. उशिरा सुरू झालेले यंत्र मध्येच सामील होऊ शकते आणि राहिलेले खंड नंतर मागून घेते. या पद्धतीने ८० डिस्कवर एकूण ५० गिगाबाइट माहिती ३४ सेकंदांत लिहिली गेल्याची नोंद संशोधकांनी केली आहे. २००३ मध्ये, बाजारात सहज मिळणाऱ्या यंत्रांवर हे साध्य झाले होते.

फ्लॉपी घेऊन प्रत्येक यंत्रापाशी जाण्याची गरजही याच सुमारास ओसरू लागली. इंटेल कंपनीच्या पुढाकाराने तयार झालेल्या पीएक्सई मानकाची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. या सोयीमुळे यंत्र डिस्ककडे न पाहता नेटवर्क कार्डाच्या आधारे सुरू होते, डीएचसीपीकडून पत्ता घेते आणि टीएफटीपीद्वारे आरंभक प्रोग्रॅम उतरवून घेते. अशा रीतीने २००३ पर्यंत वेगाचा प्रश्न तत्त्वतः सुटला होता असे म्हणता येईल.

ओळखीचा प्रश्न

ज्या वेळी वेगाचा प्रश्न सुटत होता त्याच वेळी दुसरा, अधिक चिवट प्रश्न पुढे येत होता. प्रत जितकी अचूक, तितकी ती मूळ यंत्राची ओळखही अचूक उचलते. प्रतिकृत यंत्रे सुरू केल्यावर तीसही यंत्रांचे नाव एकच असे आणि नेटवर्कवर नावांचा संघर्ष होई. आयपी पत्ता हाताने दिलेला असल्यास तोही तीस ठिकाणी एकच येई. या अडचणी दिसणाऱ्या होत्या, म्हणून त्या लगेच दुरुस्त होत. न दिसणाऱ्या अडचणी अधिक गंभीर होत्या.

विंडोज एनटी व तिच्या वंशातील प्रणाली स्थापनेच्या वेळी प्रत्येक यंत्राला एक सुरक्षा-ओळखक्रमांक देतात. त्याला संक्षेपाने एसआयडी म्हणतात. यंत्रावरील प्रत्येक स्थानिक खात्याचा क्रमांक यंत्राच्या एसआयडीपुढे एक अनुक्रमांक जोडून तयार होतो. प्रतिकृत यंत्रांत एसआयडी एकच असल्याने एका यंत्रावरील पहिला वापरकर्ता आणि दुसऱ्या यंत्रावरील पहिला वापरकर्ता हे क्रमांकाच्या दृष्टीने एकच व्यक्ती ठरतात. यातून सुरक्षेस बाधा येईल, ही भीती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वत्र पसरली. घोस्टसोबत 'घोस्टवॉकर' हे क्रमांक बदलणारे साधन आले. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांचे 'न्यूएसआयडी' हे विनामूल्य साधनही लोकप्रिय झाले. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत मार्ग 'सिसप्रेप' हा होता. प्रतिमा घेण्यापूर्वी तो यंत्राच्या विशिष्ट खुणा पुसतो आणि प्रत प्रथम सुरू होताना त्या नव्याने निर्माण करवतो.

नोव्हेंबर २००९ मध्ये या कथेला अनपेक्षित वळण मिळाले. तोपर्यंत मायक्रोसॉफ्टमध्ये गेलेल्या रुसिनोविच यांनी स्वतःचेच न्यूएसआयडी हे साधन निवृत्त केले. यंत्राचा एसआयडी सामान्यतः त्या यंत्राबाहेर ओळख पटविण्यासाठी वापरलाच जात नाही. दुसऱ्या यंत्राशी संपर्क साधताना खात्याचे नाव व पासवर्ड तपासले जातात. म्हणून दुहेरी एसआयडीची भीती ही एक दंतकथा आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. इतर कारणांसाठी सिसप्रेप आवश्यकच आहे, हेही त्यांनी नमूद केले होते. उदाहरणार्थ, विंडोजच्या सुधारणा वितरित करणाऱ्या स्थानिक सर्व्हरकडे प्रत्येक यंत्र एका ग्राहक-क्रमांकाने ओळखले जाते. हा क्रमांक प्रतीतून तसाच आला, तर तीस यंत्रे असूनही यादीत एकच यंत्र दिसे. या सूचनेकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष झाले आणि 'एसआयडी बदलण्याची गरज नाही' एवढाच भाग लक्षात राहिला.

२०२५ मध्ये हा प्रश्न पुन्हा उघडला. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या सुधारणांनी विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ या आवृत्त्यांत आणि विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये एसआयडीची कडक तपासणी सुरू केली. परिणामी सिसप्रेप न करता प्रतिकृत केलेली यंत्रे एकमेकांची ओळख पटवून घेईनाशी झाली. सामायिक फोल्डर आणि दूरस्थ डेस्कटॉप यांचा वापर अडला. अशी यंत्रे मान्य पद्धतीने पुन्हा उभारणे हाच कायमचा उपाय असल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले. सोळा वर्षांपूर्वी दंतकथा ठरविलेली गोष्ट अशा रीतीने व्यवहारात खरी झाली. रुसिनोविच यांचे २००९ चे विश्लेषण त्या वेळच्या प्रणालीपुरते मान्य केले, तरी ती प्रणाली पुढे बदलू शकते ही शक्यता उरलीच होती.

ओळखीचा हा प्रश्न केवळ विंडोजपुरता मर्यादित नाही. लिनक्सच्या प्रतींतूनही एसएसएचच्या यजमान-किल्ल्या आणि यंत्र-क्रमांक जसेच्या तसे येतात. एके काळी नेटवर्क कार्डाचा जुना पत्ता लक्षात ठेवणारी नियमावलीही प्रतीसोबत येई. त्यामुळे नव्या यंत्राचे पहिलेच कार्ड दुसरे म्हणून नोंदले जाई आणि नेटवर्क बंद पडे.

पुनःस्थापनाची दुसरी बाजू

क्लोनिंगइतकेच पुनःस्थापनही प्रयोगशाळेसाठी महत्त्वाचे ठरले. विद्यार्थ्याने डिस्कची विभागणी बिघडवली तरी ती पूर्ववत करता येते, या विश्वासामुळे त्याला प्रयोगाचे स्वातंत्र्य देता येऊ लागले. मात्र प्रतिमा ही एका क्षणाची असते, आणि त्या क्षणातील उणिवाही तिच्यात गोठतात. ११ ऑगस्ट २००३ रोजी ब्लास्टर हा वर्म पसरू लागला. त्याला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १६ जुलै रोजीच प्रसिद्ध केली होती. परंतु जुलैपूर्वी घेतलेल्या प्रतिमेत ती असणे शक्य नव्हते. अशा प्रतिमेवरून यंत्र स्वच्छ करून नेटवर्कला जोडले की ते पुन्हा त्याच आजाराला बळी पडण्यास मोकळे होई. पुनःस्थापन हा उपचार असला तरी प्रतिमा वेळोवेळी नवी केली नाही तर तोच रोगाचे कारण ठरतो, हा धडा त्यातून मिळाला.

मुक्त साधनांचा उदय

घोस्ट हे व्यावसायिक उत्पादन होते आणि त्याच्या प्रतिमांचे स्वरूप कंपनीचे स्वतःचे होते. ३० एप्रिल २०१३ रोजी नॉर्टन घोस्टची विक्री थांबली, तेव्हा जुन्या प्रतिमांवर विसंबलेल्यांना या परावलंबनाची जाणीव झाली असणार. सुदैवाने तोपर्यंत पर्याय उभे राहिले होते. तैवानमधील नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग या सार्वजनिक संस्थेतील गटाने आधी डिस्कविना चालणाऱ्या लिनक्स यंत्रांसाठी 'डीआरबीएल' ही व्यवस्था निर्माण केली आणि तिच्याच आधारावर 'क्लोनझिला' हे मुक्त साधन विकसित केले. ५.६ गिगाबाइटची प्रतिमा मल्टिकास्टद्वारे ४१ संगणकांवर सुमारे १० मिनिटांत उतरविल्याचे या गटाने नोंदविले आहे. २००७ मध्ये 'फॉग' हा दुसरा मुक्त प्रकल्प सुरू झाला आणि ब्राउझरमधून संपूर्ण प्रयोगशाळेचे व्यवस्थापन करणे शक्य झाले.

या साधनांनी केवळ परवान्याचा खर्च वाचविला असे नाही. ती परस्परांवर उभी आहेत, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. लक्झेंबर्गमधील अलेन क्नाफ यांचे 'यूडीपीकास्ट' क्लोनझिला व फॉग या दोहोंत वापरले जाते, तर क्लोनझिलासाठी विकसित झालेले 'पार्टक्लोन' पुढे फॉगमध्येही आले. एखादा प्रकल्प थांबला तरी त्याने घडविलेला भाग आणि प्रतिमेचे ज्ञात स्वरूप दुसऱ्याच्या हाती राहते. संस्थेच्या दृष्टीने हा फरक किमतीच्या फरकापेक्षा मोठा आहे.

निष्कर्ष

१. डिस्क-प्रतिमा तंत्र मोठ्या संशोधन-योजनेतून नव्हे, तर अनेक यंत्रे एकसारखी ठेवण्याच्या दैनंदिन निकडीतून वाढले. ऑकलंडमधील एक छोटी कंपनी, युटातील विद्यापीठ आणि तैवानमधील सार्वजनिक संस्था ही त्याची मुख्य केंद्रे ठरली.
२. वेगाचा प्रश्न मल्टिकास्ट, पीएक्सई आणि खंडशः वितरण यांच्या साहाय्याने २००३ पर्यंत तत्त्वतः सुटला.
३. ओळखीचा प्रश्न २००९ मध्ये निकालात निघाल्यासारखा वाटला, पण २०२५ मध्ये पुन्हा उपस्थित झाला. प्रतिमा घेण्यापूर्वी यंत्राच्या विशिष्ट खुणा पुसणे हा म्हणूनच ऐच्छिक टप्पा मानता येत नाही.
४. प्रतिमा नियमितपणे अद्ययावत न केल्यास पुनःस्थापन जुने दोष परत आणते.
५. मुक्त साधनांमुळे शैक्षणिक संस्थांना आपल्या प्रतिमांवरील ताबा स्वतःकडे ठेवता आला.

समारोप

प्रयोगशाळेतील तीस संगणक एकसारखे दिसतात ते कोणीतरी एका यंत्रावर काळजीपूर्वक केलेल्या कामामुळे. कोणते प्रोग्रॅम ठेवावेत, कोणत्या खुणा पुसाव्यात, कोणती दुरुस्ती आधी करावी, याचे निर्णय त्या एका यंत्रावर होतात आणि बटण दाबताच ते तीसपट होतात. चुकीचा निर्णयही तितक्याच वेगाने तीसपट होतो. २००९ मध्ये सिसप्रेपचा टप्पा वगळणाऱ्यांचे काही मिनिटांचे श्रम वाचले, आणि ज्यांनी ती सवय पुढेही ठेवली त्यांच्यावर २०२५ मध्ये यंत्रे नव्याने उभारण्याची वेळ आली. साधने बदलत जातील, वेग वाढत जाईल. मूळ यंत्र तयार करताना घ्यावयाच्या काळजीला मात्र या तीस वर्षांत पर्याय निर्माण झालेला नाही.